दिंडोरीची शिराझ आणि छाटणीची तारीख

सह्यकड:

नाशिकच्या वाईनवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक सहलीचं असतं. बागेतले फोटो, द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम, सूर्यास्त, पिझ्झा. पेल्यात काय आहे याबद्दल दोन ओळींच्या पुढे फारसं कोणी जात नाही. लाल वाईनचा विषय तर "जड असते", "आंबट लागते" यावरच संपतो. मला नाशिकची लाल वाईन, त्यातही दिंडोरी भागातली शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची वाईन), मनापासून आवडते. तिच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं असं वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

समोर नाशिकच्या सुला वायनरीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आहे. ओतण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली होती, त्याचं कारण पुढे लिहितो.

पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला की मधोमध काळपट जांभळा रंग दिसतो आणि कडेला लालसर झाक. पेला न हलवता घेतलेला पहिला वास ओकच्या पिंपाचा आहे: व्हॅनिला, थोडं भाजलेलं खोबरं. पेला फिरवून दोन-तीन मिनिटं थांबलं की फळ पुढे येतं. पिकलेलं जांभूळ, काळ्या मनुका, आणि त्यामागून नुकत्याच कुटलेल्या काळ्या मिरीचा वास. घोट घेतल्यावर सुरुवातीला गोडीचा भास होतो, पण तो पिकलेल्या फळाच्या वासामुळे. वाईन कोरडी आहे, म्हणजे तिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही. मग हिरड्यांवर आणि गालांच्या आतून तुरटपणा चढतो आणि शेवटी घशाशी ऊब येते. आंबटपणा मध्यम. फळ आणि मिरी दोन्ही छान उतरले आहेत, लाकूड मला अजून थोडं कमी चाललं असतं.

आता प्रदेश. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. वाईनची द्राक्षं जगात प्रामुख्याने ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात होतात, म्हणजे नकाशा पाहून कोणी इथे शिराझ लावली नसती. पण इथे तीन गोष्टी जुळून येतात. समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरची उंची, बेसॉल्टच्या खडकावरची निचऱ्याची मुरमाड जमीन, आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री. दर जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला याची बातमी आपण वाचतोच. द्राक्षाच्या मण्यातला आंबटपणा टिकतो तो या रात्रींमुळे. रात्रही उबदार असेल तर वेल मण्यातलं मॅलिक आम्ल खर्चून टाकतो, आणि मग गोड पण बेचव रस हाती येतो.

इतिहास थोडक्यात. नाशिकच्या आधी पुणे जिल्ह्यात नारायणगावला १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी शँपेनच्या धर्तीवर फसफसणारी वाईन केली होती. नाशिकमध्ये सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी १९९७ साली गंगापूर धरणाजवळ वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि पाहता पाहता दिंडोरी, निफाड, इगतपुरी, सगळीकडे वायनऱ्या दिसायला लागल्या. पुढे 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला ज्यावर बोलायचंय ती गोष्ट लेबलवर कधीच नसते: बागेची फळछाटणी, म्हणजे त्या वर्षीचं पीक धरण्यासाठीची छाटणी, कोणत्या तारखेला झाली. माझं म्हणणं असं की नाशिकच्या लाल वाईनची अर्धी चव त्या तारखेला ठरून जाते. पिंप, यीस्ट, वाईनमेकर हे सगळे नंतर येतात. शेतकरी मंडळी आणि बाहेरच्या देशांत राहणारे वाईनप्रेमी, दोघांनीही लिहावं. खोडून काढायचं असेल तरी जरूर.

---

केतकी_पु:

छान धागा. हीच वाईन मी गेल्या आठवड्यात प्यायले. जांभूळ पटलं, लाकूड पटलं, पण मिरी? खूप प्रयत्न केला, मला मिरीचा म अक्षरसुद्धा सापडलं नाही. सोबतच्या मैत्रिणीला लगेच मिळाली. हे वास लोकांना खरंच येतात की वर्णनात वाचलं म्हणून येतात?

---

सह्यकड:

केतकी, तुमच्या प्रश्नाला फार चांगलं उत्तर आहे. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा असतो. हेच संयुग काळ्या मिरीतही असतं, म्हणजे "मिरीसारखा" हे नुसतं वर्णन नाही, वास खरोखर तोच आहे. शिराझमधली मिरी याच संयुगाची, हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधून काढलं. त्यांच्याच चाचणीत असंही दिसलं की सुमारे पाचातल्या एका माणसाला ते अजिबात जाणवत नाही, चाचणीतली सगळ्यात मोठी मात्रा दिली तरी. बाकीच्यांना मात्र लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. त्यामुळे तुम्ही आणि तुमची मैत्रीण दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकता. घरातली मिरी कुटून हुंगून पाहा. मिरीत इतरही सुगंधी तेलं असल्यामुळे वास येईलच, पण तो तुम्हाला लिंबू-चीड अशा अंगाचा वाटतो का ते बघा. तसा वाटला तर रोटंडोन तुम्हाला जाणवत नसावं.

आणखी एक. रोटंडोन थंडीत पिकलेल्या द्राक्षांत जास्त तयार होतं. मण्यांवर ऊन आणि उष्णता जास्त झाली की कमी होतं. म्हणजे शिराझमध्ये मिरी किती आहे यावरून ती कुठल्या हवेत पिकली याचा अंदाज बांधता येतो.

---

बागाईतदार_निफाड:

मी वाईन क्वचित घेतो, पण वाईनची द्राक्षं पिकवतो. खायची द्राक्षंही आहेत, थॉमसन आणि थोडी शरद. छाटणीचा विषय काढलात म्हणून लिहितो, कारण शहरातल्या वाचकांना आमचं वर्ष कसं चालतं ते सहसा माहीत नसतं.

आपल्याकडे वेल झोपत नाही. युरोपात बर्फ पडला की पानं गळतात आणि वेल तीन-चार महिने निजतो. इथे बाग मोकळी सोडली तर ती वर्षभर फुटत राहील आणि धड फळ देणार नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. जुनी काडी ओलांड्यापर्यंत (वेलाच्या आडव्या जाड फांदीपर्यंत) काढायची, नवे फुटवे येतात, त्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यात घड तयार होतो, दिसत नाही पण आत बसलेला असतो. पुढे पावसाळाभर ती काडी पक्व करायची. मग सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, आम्ही गोडी छाटणीही म्हणतो. डोळे मोजून काडी कापायची, फुटायला पेस्ट लावायची, आणि त्यातून जे फुटतं ते त्या वर्षीचं पीक. शिराझ फळछाटणीपासून साधारण साडेचार ते पाच महिन्यांत काढणीला येते.

आता तारखेचं गणित. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलं तर मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागतात, तेव्हा ऐन थंडी असते. साखर सावकाश चढते, आंबटपणा टिकतो, साल पिकायला वेळ मिळतो. ऐकायला छान वाटतं. पण सप्टेंबरात पाऊस असतोच, आणि आता तर ऑक्टोबरातही थांबत नाही. कोवळ्या फुटीवर पाऊस म्हणजे डावणी, हा बुरशीसारखा रोग. पोंग्यात, म्हणजे फूट नुकती उमलत असताना, डावणी आली तर घडच जिरतो किंवा कुजतो. एका रात्रीत बागेचं होत्याचं नव्हतं झालेलं आम्ही पाहिलंय. फवारणीचा ट्रॅक्टर चिखलात जात नाही, आणि औषध मारलं की वरून परत पाऊस.

ऑक्टोबर अखेर छाटलं तर डावणीचा त्रास कमी. पण मग काढणी मार्चमध्ये. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ऊन असं तापतं की साखर दोन दिवसांत चढते आणि साल अजून कच्ची राहते. वायनरीचा माणूस रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, ब्रिक्स (साखरेचं माप) २४ दाखवतं, पण बी चावून पाहिलं तर हिरवी आणि कडू. तोडायचं की थांबायचं? थांबलं तर मणी सुकायला लागतात आणि वजन घटतं. वजन घटलं तर नुकसान आमचं.

तर सह्यकड, तारीख चव ठरवते हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण आमची तारीख चवीवर ठरत नाही. ती ठरते पावसावर, मजुरांच्या टोळीवर आणि शेजारच्या थॉमसनच्या कामावर. टोळी एकच असते. आधी ती ज्या बागेत जास्त पैसे त्या बागेत जाते.

---

सह्यकड:

बागाईतदार, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बी चावून पाहण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचकांनी ध्यानात ठेवावं असं आहे. लाल वाईन सालीसकट आणि बियांसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो, रस तर जवळपास बिनरंगीच असतो. साखर तयार आणि साल-बी कच्ची, अशी द्राक्षं आली की वाईनमध्ये अल्कोहोल भरपूर आणि सोबत हिरवा, करकरीत, हिरड्या ओढणारा तुरटपणा येतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचं एक टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे २४ ब्रिक्सची द्राक्षं पावणेचौदा-चौदा टक्क्यांवर जातात. नाशिकच्या स्वस्त लाल वाईनबद्दल लोक "घशाला लागते आणि कडवट आहे" म्हणतात, त्यामागे बहुधा हा मार्चचा माल असतो.

---

जुनी_बाटली:

थोडा विरोध नोंदवतो. मी नाशिकच्या वाईन बऱ्याच वर्षांपासून पितोय आणि माझं मत पक्कं झालंय की हा प्रदेश पांढऱ्या वाईनचा आहे. सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ इथे सुंदर होतात. पांढरी द्राक्षं लवकर, ऐन थंडीत तोडता येतात, साल पिकायची वाट पाहावी लागत नाही, म्हणजे बागाईतदारांनी सांगितलेली अडचण तिथे फारशी येतच नाही. लाल वाईनचा हट्ट बाजारासाठी आहे. आपल्याकडे वाईन म्हणजे लाल असं डोक्यात बसलंय म्हणून वायनऱ्या लाल करतात. त्या लाकडाचा वास इतका का घालतात ते विचारा. आतलं हिरवेपण झाकायला.

---

सह्यकड:

सोव्हिन्यों आणि शेनँबद्दल पूर्ण सहमत. झाकण्यासाठी लाकूड वापरलं जातं हेही काही बाटल्यांबाबत खरं आहे. पण म्हणून लाल वाईन सोडून द्यावी हे मला पटत नाही. यॉर्कची आरोस, कुंदेवाडीच्या रेव्हिलोची रिझर्व्ह सिरा (म्हणजे शिराझच), इगतपुरी बाजूच्या वॅलोनेची माल्बेक, या तीन वेगवेगळ्या हातांनी केलेल्या लाल वाईन आहेत आणि तिन्हींत फळ शाबूत आहे. बागेकडे लक्ष दिलं की इथे लाल वाईन होते, याचा एवढा पुरावा मला पुरेसा आहे. शिवाय शिराझ ही उन्हाला तोंड देणारी जात आहे. कॅबर्ने या दुसऱ्या काळ्या जातीला सालीचं हिरवेपण जायला अजून जास्त दिवस लागतात, ती इथे शिराझपेक्षा अवघड जाते.

---

ऱ्होनकाठी:

नमस्कार. माझं घर सध्या फ्रान्समध्ये ल्योंच्या दक्षिणेला आहे, शिराझच्या मूळ गावाजवळच म्हणा ना. इथे तिला सिरा म्हणतात. १९९८ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की ती द्युरेझा आणि माँद्यूज ब्लाँश या ऱ्होन-आल्प्स भागातल्याच दोन जातींची लेक आहे, म्हणजे ती इथलीच.

सिरासाठी नावाजलेली एर्मिताजची टेकडी ४५ अंश अक्षांशावर आहे. ताँ गावावर उभी, दक्षिणेकडे तोंड करून, बरीचशी ग्रॅनाइटची. सगळा प्रदेश दीडशे हेक्टरसुद्धा नाही. सिराच्याच दुसऱ्या प्रदेशात, कोत रोतीला, तर उतार इतका खडा की ट्रॅक्टर चालत नाही. प्रत्येक वेल खुंटीला बांधलेला आणि सगळं काम माणसाच्या हातानं. तोडणी सप्टेंबरमध्ये. द्राक्षं पिकत असताना दिवस लहान होत जातो आणि हवा गार होत जाते.

हे वाचताना बागाईतदारांचा मुद्दा मला वेगळा दिसला. इथे पिकण्याचा काळ गारव्याकडे जातो, नाशिकला तो उन्हाकडे जातो. दोन्हीकडे द्राक्ष तेच, पण शेवटचे तीन आठवडे उलट्या दिशेचे. इथल्या सिरात म्हणून जांभळाऐवजी आंबटसर रानफळं, ऑलिव्ह, धुरावर सुकवलेल्या मांसाचा वास, आणि मिरी भरपूर. अल्कोहोल कमी, आंबटपणा जास्त. नाशिकच्या शिराझकडून एर्मिताजची अपेक्षा करू नये. तिची नातलग शोधायची तर ऑस्ट्रेलियातली बरोसा जवळची. तिथे १८४०च्या दशकात लावलेले शिराझचे वेल अजून फळ देतात.

एक प्रश्न: नाशिकमध्ये व्हिओनिए ही पांढरी जात आहे ना? कोत रोतीमध्ये सिरासोबत थोडी व्हिओनिए एकत्र आंबवतात, नियमाने २० टक्क्यांपर्यंत चालते, प्रत्यक्षात बरीच कमी घालतात. त्याने लाल रंग उलट पक्का होतो आणि वास फुलतो. नाशिकला कोणी करून पाहावं.

---

बागाईतदार_निफाड:

१८४० चे वेल! आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या सोसून बाग पंधरा-वीस वर्षांत थकते. ओलांडे पोकळ होतात, खोडकिडा शिरतो, उत्पन्न उतरतं, मग उपटून नवी लावायची.

खुंटाचंही सांगतो, म्हणजे ज्याच्या मुळावर द्राक्षाचं कलम बांधतात त्या वेलाचं. खायच्या द्राक्षांना आपल्याकडे डॉगरिज खुंट सर्रास आहे, खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून. पण तो जोमदार आहे आणि पालाश (पोटॅश) फार उचलतो, त्याने रसाचा आंबटपणा मोडतो. वाईनसाठी लोक ११०-आर किंवा ११०३-पी खुंटावर गेले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने यावर बरंच काम केलंय. मांडवही वेगळा. थॉमसनला वर मंडप नाहीतर वाय आकाराचा मांडव, वाईनला उभी ताटी, म्हणजे घडाला हवा लागते आणि भुरी ही बुरशी कमी येते.

---

पार्लेकर_७:

टेस्टिंगरूममध्ये आवडलेली वाईन घरी आणून प्यायलो की वेगळीच लागते, हा अनुभव आणखी कोणाला? मागच्या मे महिन्यात आमच्या भागातल्या एका दुकानातून शिराझ आणली. फळाचा पत्ताच नाही. उकळलेल्या मनुकांसारखा वास आणि वर बूच थोडं उचललेलं. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला.

---

सह्यकड:

बूच वर आलं आणि मनुका उकळल्यासारखा वास, म्हणजे ती बाटली तापली. आत द्रव फुगतो आणि बूच ढकलतो. आपल्याकडे गोदामापासून दुकानाच्या काचेपर्यंत वाईन चाळिशीच्या उन्हात फिरते, आणि त्यात नुकसान सगळ्यात जास्त लाल वाईनचं होतं, कारण पांढरी निदान फ्रीजमध्ये तरी ठेवतात. नाशिकच्या लाल वाईनची बदनामी झाली त्यात बागेइतकाच या वाहतुकीचाही वाटा आहे असं मी ठामपणे म्हणेन. काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, आतली मागा. एप्रिल-मेमध्ये शक्यतो वातानुकूलित दुकानातूनच घ्या. फिरकीच्या झाकणाची बाटली मिळाली तर बिनदिक्कत घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवातीला फ्रीजचं म्हटलं होतं ते इथेच लिहितो. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांचं शास्त्र आहे, तिथे ते १६ ते १८ अंश होतं. आपल्या घरात ते ३० असतं. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतं आणि फळ हरवतं. अर्धा-पाऊण तास फ्रीज आणि मग प्या. हा एकच बदल केला तरी इथल्या बऱ्याच जणांचं शिराझबद्दलचं मत बदलेल.

---

खवय्या_नागपूर:

जेवणाचं काय? सावजीबरोबर चालेल का शिराझ?

---

सह्यकड:

सावजीबरोबर मी तरी घेणार नाही. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाही जास्त बोचतो. तांबडा रस्सा, नाशिकची झणझणीत मिसळ, हेही त्याच कारणाने नको. तुरटपणा ज्याला चिकटतो ते ताटात हवं: प्रथिनं आणि चरबी. जिभेवर टॅनिन, म्हणजे साल-बीतला तुरट पदार्थ, लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं वाटतं. मटण असेल तर ते काम मटण करतं. मटण सुकं, खिमा, कमी तिखटाची कलेजी उत्तम. शाकाहारींसाठी गोडा मसाला आणि दाण्याच्या कुटाचं भरलं वांगं. वांग्याचं तेल आणि मसाल्यातलं दगडफूल शिराझच्या लाकडाशी फार छान जमतं. खानदेशी काळ्या मसाल्याची शेवभाजीही, तेल असू दे पण तिखट आवरा.

---

खवय्या_नागपूर:

भरलं वांगं डोक्यातच नव्हतं आलं. या रविवारी.

---

वैद्य_ठाणे:

रसभंग करायचा नाही, पण अशा धाग्यांवर "लाल वाईन हृदयाला चांगली" हे वाक्य येतंच, म्हणून ते येण्याआधी लिहिते. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. दारू हा कर्करोगाचा सिद्ध झालेला कारक आहे आणि त्यात वाईनही येते. सालीतल्या रेझ्व्हेराट्रॉल या संयुगाचं फार बोललं जातं, पण पेल्यात ते इतकं थोडं असतं की औषध म्हणून त्याला अर्थ नाही. चव आवडते म्हणून थोडी प्या, औषध म्हणून नको. गरोदरपणात, यकृताच्या आजारात आणि गाडी चालवायची असेल तर अजिबात नको.

---

सह्यकड:

अगदी योग्य. टेस्टिंगला जाल तेव्हा थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला संकोच करू नका. चव कळायला गिळावं लागत नाही. आणि नाशिकहून परतताना चालक वेगळा असू द्या.

---

अकलूजकर:

नाशिकच्या बाहेरचाही एक मुद्दा मांडू का? आमच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात फ्रातेल्लीच्या बागा आहेत. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली वायनरी. त्यांनी इटलीतल्या तस्कनीची सांजोवेझे ही काळी जात इथे लावली आणि कॅबर्नेबरोबर मिसळून सेट्टे नावाची लाल वाईन केली. वाईनमेकर पिएरो मासी तस्कनीचेच. आमच्याकडे नाशिकपेक्षा पाऊस कमी, डावणी कमी, पण ऊन जास्त. बागाईतदारांच्या गणितात पावसाची भीती कमी केली तर तारीख लवकर धरता येते, एवढा आमचा फायदा. सेट्टेत मला जांभूळ मिळत नाही. आंबटसर चेरी आणि सुकी पानं मिळतात, तुरटपणा बारीक. "महाराष्ट्राची लाल वाईन" अशी एकच चव धरू नये असं वाटतं.

---

जुनी_बाटली:

सेट्टे चांगली आहे, ती मान्य. माझं पांढरीबद्दलचं मत कायम आहे, पण बागाईतदारांचा प्रतिसाद वाचून प्रश्न पडलाय. वायनऱ्या लवकरच्या तारखेला जास्त भाव का देत नाहीत? डावणीची जोखीम शेतकऱ्याने घ्यायची आणि चांगल्या चवीचा फायदा बाटलीवर, हे कसं चालेल?

---

बागाईतदार_निफाड:

खरा प्रश्न हाच आहे. २००८ नंतर मंदी आली, वाईनचा खप घसरला आणि करार केलेला माल उचललाच गेला नाही. माझाही राहिला. वाईनचं द्राक्ष बाजार समितीत विकता येत नाही. मणी बारीक, बियांचा, साल जाड, खायला कोण घेणार? पुढच्या वर्षी आमच्या शिवारात लोकांनी शिराझ आणि कॅबर्ने उपटून थॉमसन लावलं. मी थोडी ठेवली. नंतर २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा दोन्हींचं सारखंच नुकसान झालं, त्यात जातीचा संबंध नाही.

आता भाव ब्रिक्सवर ठरतो. अमुक ब्रिक्सच्या खाली कपात, वर असेल तर ठरलेला दर. सालीची पक्वता, आंबटपणा, बी, यांना पैसे नाहीत. मग शेतकरी साखरेच्या मागे लागणार, आणि साखर तर मार्चच्या उन्हात आपोआप मिळते. एकरी टनेज कमी ठेवा म्हणतात. शिराझला चार-पाच टनांच्या वर गेलं की रंग पातळ होतो हे मलाही दिसतं. पण कमी टनाला दर तेवढाच असेल तर घड कोण खुडून टाकेल? काही वायनऱ्या आता एकरावर पैसे ठरवतात, टनावर नाही. ज्यांच्याकडे तसं आहे त्यांच्या बागा जाऊन बघा, फरक दिसतो.

---

ऱ्होनकाठी:

एकराने पैसे ही पद्धत जगात चांगल्या वाईनच्या अनेक प्रदेशांत आहे, कारण त्याने दोघांचं हित एका दिशेला येतं. शिवाय इथे बागेचं नाव बाटलीवर येतं. ज्या उतारावरून द्राक्षं आली तो उतार लोकांना माहीत असतो, आणि चांगल्या उताराला भाव जास्त मिळतो. नाशिकमध्ये "दिंडोरी" असं तालुक्याचं नाव लेबलवर येऊ लागलं ही सुरुवात झाली. पुढची पायरी गावाची, मग गटाची.

---

केतकी_पु:

फ्रीजमध्ये ठेवून परत प्यायले! जांभूळ दुप्पट झालं. मिरी अजूनही नाही, आणि घरची मिरी मला खरोखर लिंबाच्या सालीसारखी येते. म्हणजे पाचातली एक मी. बागाईतदार, तुम्ही लिहिलेलं सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कधी यावं?

---

बागाईतदार_निफाड:

वाईनच्या बागेत जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत या, आणि पहाटे या. तोडणी ऊन चढायच्या आत संपवतात, द्राक्ष गार असताना क्रेटमध्ये जायला हवं. नऊ-दहानंतर आलात तर फक्त ट्रॅक्टर दिसेल. तोंडात टाकून पाहायचं तर आधी विचारा, औषधाची मुदत संपली आहे का ते. आणि मणी खाल्ला की बी चावून बघा. तपकिरी आणि कुरकुरीत हवी.

सह्यकड, तुमच्या तारखेच्या मुद्द्यावर यंदा करून बघतोय. शिराझच्या काही ओळी १० सप्टेंबरच्या आसपास छाटणार आणि उरलेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर. लवकरच्या ओळींवर प्लास्टिकचं आच्छादन उसनं मिळतंय, म्हणून हिंमत करतोय. वायनरीशी बोललो. दोन्ही माल वेगळ्या टाकीत आंबवून द्यायला ते तयार आहेत, पण लहान टाकीसाठी किमान एक टन लागेल म्हणाले. लवकरच्या ओळींतून तेवढं निघेल का, हे ऑक्टोबरच्या पावसावर.

---

सह्यकड:

निघालं तर दोन्ही बाटल्या आधी झाकून चाखू, कोणती कुठल्या तारखेची ते न सांगता. जुनी_बाटली, तुम्हीही या.

---

जुनी_बाटली:

येतो. सोबत शेनँ आणतो.